आवाज चालेल, अवचित नको

रविवारी मार्केट बंद, म्हणून सुरत रविवारीच बाहेर पडतं. रिंगरोडचा कापडबाजार उरलेले सहा दिवस माणसाला मान वर करू देत नाही. मेहताजी असो, पार्सल बांधणारा असो की टेम्पोवाला, बायकापोरांना घेऊन फिरायला प्रत्येकाच्या वाट्याला ही एकच संध्याकाळ येते. मग डुमसचा किनारा घ्या, पालचं मत्स्यालय घ्या की सरथाण्याचं प्राणिसंग्रहालय, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गोडादऱ्यातून निघालेल्या माणसाचा निम्मा उत्साह महाराणा प्रताप चौकातल्या ट्रॅफिकमध्येच संपतो. तरी लोक जातात, डुमसची टोमॅटोची भजी खातात, उंटावर बसून फोटो काढतात आणि रात्री पेंगुळलेली पोरं खांद्यावर टाकून परततात. त्यात वाईट काही नाही. गर्दीलाही एक मजा असते.

मात्र आमच्या गोडादऱ्यातल्या सोसायट्यांमध्ये काही घरं अशी आहेत, जी रविवारी संध्याकाळी दार लोटून आत बसतात. आमचं त्यांतलंच एक. माझा धाकटा दहा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, मोजकंच बोलतो. कान, डोळे, नाक, कातडी यांतून त्याच्यापर्यंत जे पोचतं ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पोचतं, आणि काही बाबतींत कितीतरी कमी. ट्यूबलाइट फडफडली की तो खोली सोडतो. पायाला काच लागून रक्त आलं तर त्याच्या लक्षातही येत नाही.

मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. मूळचा अमळनेर तालुक्यातला, इथे साड्यांच्या दुकानात मेहताजी. जमा आणि नावे यांतच हयात गेली, त्यामुळे विचारही त्याच चालीने करतो. माझं म्हणणं असं आहे, की अशा मुलांना घेऊन कुटुंबाने बाहेर पडावं यासाठी शहराने नवं काही बांधण्याची फारशी गरज नाही. जे आहे तिथे काय होणार आहे हे आधी कळू द्या, आणि नको झालं तर कोणाच्या नजरा न झेलता निघून जाता येईल अशी वाट ठेवा. बाकीचं आम्ही बघून घेतो.

लोकांचा पहिला समज असतो की अशा पोरांना शांतता लागते. हा समज खोडून काढायला सुरतेइतकी चांगली जागा नाही. माझा मेहुणा लिंबायतला यंत्रमागाच्या खात्यात कामाला आहे. एकदा त्याचा डबा द्यायला मी धाकट्याला बरोबर घेऊन गेलो. खात्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या पुढचा असतो. दोन माणसं तोंडाला तोंड लावून बोलली तरच एकमेकांचं ऐकू येतं. मी त्याला बाहेर रिक्षातच बसवणार होतो, पण तो हात सोडून सरळ दारात जाऊन उभा राहिला. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि त्या ठेक्यावर हा पुढे-मागे झुलतोय. चेहऱ्यावर अशी तृप्ती, जशी मला पुरणपोळीनंतर येते. निघायचं नाव घेईना. तोच मुलगा घरात कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत पलंगाखाली शिरतो, आणि मॉलच्या बाथरूममधलं हात सुकवायचं यंत्र घरघरलं की त्याला उचलून बाहेर आणावं लागतं.

बायकोने याचा उलगडा माझ्याआधी केला. ती म्हणाली, माग प्रत्येक क्षणाला तेच सांगतो, म्हणून तो चालतो. ते यंत्र न सांगता अंगावर येतं. फुग्यांचंही तसंच. फुगा फुटला तर हा चक्क हसतो. तो फुटेल का, कधी फुटेल, याची वाट बघणं त्याला सोसवत नाही, म्हणून वाढदिवसाला गेलो की आल्या आल्या दारात कानावर हात. त्रास आवाजाचा कमी आणि अवचितपणाचा जास्त.

शास्त्रालाही हे सगळं कळायला वेळच लागला. जीन एअर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी साठच्या दशकापासून यावर काम केलं आणि १९७२ साली पुस्तक लिहून मांडलं, की काही मुलांचा मेंदू स्पर्श, आवाज, तोल, हालचाल यांची जुळणी वेगळ्या तऱ्हेने करतो. पण स्वमग्नतेच्या निदानाच्या अमेरिकी निकषांत ही गोष्ट आली ती थेट २०१३ मध्ये, निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत. मग आमची आजी नातवाला बघून ‘पोरले नजर लागनी व्हई’ म्हणत मिरच्या ओवाळायची, तर तिला काय बोलायचं? त्याच आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आहे. चांगली जड. बिथरलेला असला की तो तिच्याखाली शिरतो आणि वरून दाबायला सांगतो; दहा मिनिटांत श्वास ताळ्यावर. असलीच वजनदार चादर थेरपीच्या दुकानात हजारोंना मिळते. आजीला हे सांगितल्यापासून तिचा भाव वाढला आहे.

यात आणखी एक मेख आहे: दोन मुलं सारखी नसतात. थेरपीला आमच्या ओळखीची झालेली एक मुलगी आहे, तिला गरगर फिरायला, उड्या मारायला, मोठ्याने ओरडायला हवं असतं. शांत खोलीत ती भिंतींना धडका देते. एका मुलाला समुद्राची ओली वाळू हाताला लागली तरी शिसारी येते. आमचा मात्र डुमसच्या काळ्या वाळूत गुडघ्यापर्यंत पाय रोवून तासभर बसतो, तिथे पहाटे गर्दी नसते तेव्हा. म्हणून ‘दिव्यांग मुलांसाठी योग्य ठिकाण’ असा एकच शिक्का मारून मोकळं होता येत नाही. काय आहे ते आधी सांगा, आमच्या पोराला झेपेल की नाही ते आम्ही ठरवू.

या सगळ्यात एक माणूस कायम विसरला जातो. मोठी मुलगी. ती चौदाची आहे. तिच्या लहानपणचे अर्धे फोटो तिचे आणि माझे, अर्धे तिचे आणि आईचे. चौघांचे फार थोडे. लग्न असो, बारसं असो, की मावशीकडची सत्यनारायणाची पूजा, एक जण जातो आणि एक जण धाकट्यापाशी घरी राहतो. अशा घरांत ‘फॅमिलीसोबत फिरायला गेलो’ म्हणजे निम्मी फॅमिली गेली असं समजायचं. मुलगी कधी तक्रार करत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. कोणी विशेष मुलांच्या सोयीसुविधांवर बोलायला उभं राहिलं की मी मनातल्या मनात हिशेब करतो, की ही सोय एका मुलाची आहे की चार माणसांची. थेरपी सेंटर त्याच्या एकट्याचं आहे. बाग चौघांची असते.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार धरले होते, त्यात स्वमग्नता नव्हतीच. नव्या कायद्यात २१ प्रकार आले आणि आमच्या पोराचं नाव यादीत लागलं. याच कायद्याचं २९ वं कलम सांगतं, की सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा यासाठी सरकारने आणि स्थानिक संस्थांनी उपाय करायचे आहेत. स्थानिक संस्था म्हणजे महापालिका. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरींनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत, केंद्र सरकारला बजावलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, किमान निकष बंधनकारक करा. त्यासाठी तीन महिन्यांची मुदतही दिली. वकिली भाषेत हे फार मोठं आहे. पण सुगम्यता म्हटलं की आपल्याकडे अजून डोळ्यासमोर रॅम्प येतो. सुगम्य भारत अभियान २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं त्यानंतर रॅम्प झाले, लिफ्टला ब्रेल आलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. माझ्या पोराला मात्र पायऱ्या चढता येतात. त्याला अडवतो तो फाटकावरचा भोंगा.

दुसरीकडे वेगळ्या बागांची टूम निघाली आहे. नागपुरात २०२३ मध्ये पारडी भागात ‘अनुभूती’ नावाचं समावेशक उद्यान जाहीर झालं, ९० हजार चौरस फूट, स्पर्शाची आणि गंधाची बाग, पाण्यातल्या उपचारांची सोय वगैरे. गोव्याने त्याच वर्षी जानेवारीत पणजीला पर्पल फेस्ट भरवला, दिव्यांगांसाठीचा महोत्सव, आणि तो पुढेही चालू ठेवला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण गोडादऱ्यातला माणूस नागपूरच्या बागेत वर्षातून कितीदा जाणार? आणि उद्या सुरतेत तशी बाग झाली तर ती तापीपलीकडे असणार, आम्हाला दोन रिक्षा बदलून जावं लागणार, वर लोक म्हणणार ‘तुमची वेगळी बाग आहे ना, तिकडे जा’. ही शेवटची भीती मला सगळ्यात जास्त आहे. फीत कापण्यासाठी वेगळी बाग उत्तम असते. शेजारच्या पोरांबरोबर खेळण्यासाठी शेजारचीच बाग लागते.

परदेशातल्या लोकांनी ज्या युक्त्या केल्या त्यांतल्या बऱ्याचशा स्वस्तातल्या आहेत, हे मला विशेष आवडतं. अमेरिकेत एएमसी नावाच्या सिनेमा कंपनीने २००७ पासून काही खेळ असे ठेवले, की दिवे पूर्ण विझवायचे नाहीत, आवाज कमी ठेवायचा, आणि पोरं उठली, नाचली, बोलली तर कोणी हटकायचं नाही. न्यूयॉर्कला ‘लायन किंग’ या नाटकाचा असाच एक प्रयोग २०११ साली झाला. इंग्लंडमधल्या मॉरिसन्स या दुकानांच्या साखळीने २०१८ पासून शनिवारी सकाळी एक तास गाणी बंद, घोषणा बंद, बिलाच्या यंत्राची टिकटिक मंद, असं सुरू केलं. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये सूर्यफुलाची चित्रं असलेला हिरवा पट्टा काढला. तो गळ्यात घातला की कर्मचाऱ्यांना कळतं, या माणसाची अडचण डोळ्यांना दिसणारी नाही, जरा सबुरीने घ्या. हा पट्टा आता बेंगळुरूच्या विमानतळावरही मिळतो. आम्ही विमानाने जात नाही, भुसावळ पॅसेंजरने जातो. आमच्या उधना स्टेशनावर सूर्यफूल उगवेपर्यंत माझा मुलगा बहुधा मिशा राखून असेल.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमची सगळ्यात यशस्वी सहल हीच. उधन्याला सकाळच्या गाडीत बसायचं आणि बारडोली किंवा व्याऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं. कधी हिंमत केली तर नवापूर, जिथे अर्धं स्टेशन गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. मोठी मुलगी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढते. धाकट्याला राज्यांशी देणंघेणं नाही. त्याला क्रम आवडतो. उधना, चलथाण, बारडोली, मढी, व्यारा, उकाई-सोनगड, नवापूर, पुढे चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, थेट जळगावपर्यंतची मोठी स्टेशनं त्याला पाठ आहेत. बोलायला शब्द सापडत नाहीत त्या पोराच्या तोंडून ही नावं घडाघडा येतात. डब्यात कोणी चहावाला मोठ्याने ओरडला तर दचकतो, पण पुढचं स्टेशन कोणतं हे माहीत असल्यामुळे सावरतो. बारडोलीला उतरलं की स्वराज आश्रम आहे, १९२८ च्या सत्याग्रहाचा, सरदार पटेलांचा. सकाळी आवारात झाडं असतात, सावली असते आणि माणसं थोडी. चौघं मिळून तिथे दशम्या खातो. चौघं.

जायच्या आधी मात्र तयारी लागते, आणि ती माझ्या धंद्यातलीच निघाली. कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक पद्धत काढली: जे घडणार आहे त्याची छोटीशी गोष्ट मुलाला आधीच सांगायची, चित्रांसकट. थेरपिस्टने आम्हाला सांगितलं तेव्हा मी दुकानातली एक जुनी कोरी चोपडी घरी आणली, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. मोबाइलवर फोटो काढायचे, झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यायचे, डाव्या पानावर फोटो आणि उजव्या पानावर दोन ओळी. सरथाण्याचं पान असं आहे: रिक्षा. फाटक. तिकिटाची खिडकी, इथे थांबायचं. झाडांची वाट. पाणमांजरं. पाण्याची बाटली आणि केळं. फाटक. रिक्षा. घर. शेवटचा फोटो कायम घराचा, आमच्या ओट्याचा, त्यावर आजी बसलेली. बाहेर गेल्यावर काही बिनसलं की तो चोपडी मागतो, शेवटचं पान काढतो आणि त्यावर बोट ठेवतो. म्हणजे निघा. आम्ही निघतो. तिकिटाचे पैसे गेले तर गेले, ते ‘नावे’ टाकायचे.

सरथाण्याची पाणमांजरं का, तर ती बघताना मागून कोणी ढकलत नसेल तेव्हा तो त्यांच्यासमोर स्वतःहून खाली बसतो. हे संग्रहालय १९८४ पासूनचं, तापीच्या काठावर, आणि पाणमांजरांची पैदास करण्यात त्याचं देशात नाव आहे. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर पाण्यात त्यांच्या उलट्यापालट्या चालू असतात. दुपारनंतर शाळांच्या सहली येतात, शिट्ट्या, माइक, ‘लाइनमां चालो’. मग आम्ही शेवटच्या पानावर.

फसलेल्या फेऱ्याही आहेत. एका ठिकाणी, नाव घेत नाही, तिकिटाच्या रांगेत आमच्या डोक्यावरचा भोंगा एकदम सुरू झाला, हरवलेल्या मुलाची घोषणा. धाकटा जमिनीवर बसला, कान दाबून किंचाळू लागला. भोवती कडं झालं. दोघांनी मोबाइल काढले. एक आजोबा मला म्हणाले, कानाखाली एक ठेवून द्या, सरळ होईल. राखणदार म्हणाला, ‘छोकराने सांभाळो ने भाई’. त्याच्या जागी तोही बरोबरच. त्याला कोणी काही शिकवलेलं नाही. अशा वेळी काय करायचं, तर काहीच करायचं नाही. बाजूला व्हायचं, बघ्यांना हटवायचं, जवळ एखादी रिकामी खोली असेल तर तिचं दार उघडायचं. एवढं राखणदाराला सांगायला पंधरा मिनिटं लागतील.

आता माझी मागणी. सुरत महापालिका आपल्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू अशा सात भाषांतून चालवते. जी संस्था ओडिशाच्या आणि आंध्रच्या कामगाराच्या पोराला त्याच्या भाषेत शिकवायची जबाबदारी घेते, तिला वेगळ्या गरजांचं गणित समजावून सांगायला नको. तिच्याच बागा आहेत, तिचंच मत्स्यालय, तिचंच सिटीलाइटचं विज्ञान केंद्र, तिचंच प्राणिसंग्रहालय. यांपैकी प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एका रविवारी, सकाळचा पहिला तास-दीड तास, मोजकी तिकिटं. त्या वेळात भोंगा आणि गाणी बंद. हात सुकवायच्या यंत्राचा प्लग काढून शेजारी कागदी रुमाल. रांग नाही. चमकते दिवे विझवलेले. आणि चोपडीतलं काम महापालिकेनेच करून टाकावं: फाटकापासून बाहेर पडायच्या दारापर्यंत क्रमाने दहा-पंधरा फोटो वेबसाइटवर ठेवावेत, आवाज कुठे येतो, अंधार कुठे आहे, संडास कुठे, हे लिहून. मत्स्यालयात अंधार आहे, निळा उजेड आहे, पोरांच्या ओरडण्याचा प्रतिध्वनी घुमतो. हे आधी कळलं तर काही आईबाप येणार नाहीत आणि काही मुद्दाम येतील. वार रविवारच हवा. बुधवारी सकाळी अशी सोय ठेवली तर ती गाडीबंगलेवाल्यांची होईल. गोडादरा-डिंडोलीच्या माणसाचा बुधवारी खाडा पडतो, पगार कापला जातो. थेरपीच्या एका तासाची फी आधीच माझ्या दिवसभराच्या पगाराच्या आसपास आहे.

या मागणीवर मला पहिला प्रश्न विचारला जातो, चार पोरांसाठी एवढं? चार नाहीत. भारतातल्या पाच ठिकाणी, त्यांत आपला उत्तर गोवाही होता, २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली आणि ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. जवळजवळ दर आठांतल्या एका मुलाला मेंदूच्या वाढीशी किंवा ज्ञानेंद्रियांशी निगडित एखादी तरी अडचण निघाली: फिट्स, बहिरेपण, बोलण्यातली अडचण, स्वमग्नता, अतिचंचलता, अभ्यासातली अक्षमता. सगळ्यांना शांत तास लागेल असं नाही. पण आमच्या गल्लीतल्या घरांवर हा हिशेब मांडून बघा, म्हणजे किती दारं रविवारी लोटलेली असतात त्याचा अंदाज येईल. शिवाय त्या तासाला तान्ह्या बाळाची आई येईल, कानाला मशीन लावलेले आजोबा येतील. त्यांना कोणी दिव्यांगत्वाचं कार्ड विचारू नये.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि तो आपल्याच माणसांचा असतो. सणांचं काय? गोडादऱ्यात गणपती आहेत, नवरात्र आहे, आणि श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची कानबाई. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत: राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम हातात घेऊन मंडळाच्या पोरांकडे जाणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांचं बरोबर असतं, पण पुढचं वर्षभर त्यांच्याशी कोणी बोलत नाही. मी वेगळ्या रस्त्याने गेलो, कारण कानबाई माझीही आहे. तिच्या नैवेद्याचे रोट आमच्याकडेही होतात.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन. गेल्या श्रावणात मंडळाच्या मुख्य पोराला म्हटलं, भाऊ, बँड बंद करू नको, फक्त आमच्या गल्लीशी कधी येणार ते सांग, आणि दारासमोर थांबून वाजवू नकोस, चालत राहा. तो म्हणाला, एवढंच ना काका? सोमवारी सकाळी त्याचा फोन आला, दहा मिनिटांत येतोय. बायकोने भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं: बँड येणार. पाच मिनिटं. बँड गेला. धाकट्याच्या कानावर हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले, ड्रिलवाले लावतात तसले कानबंद होते. तो खिडकीशी गेला. ताशा कोपऱ्यावर आला तसा खिडकीचा गज घट्ट धरला, हलला नाही. बँड समोर आला, बायका डोक्यावर कानबाई घेऊन नाचत होत्या, आणि याने एका कानावरचं झाकण बोटाने थोडं उचललं. ऐकलं. परत ठेवलं. परत उचललं. मिरवणूक पुढे गेल्यावर फळ्याशी जाऊन ‘बँड गेला’ या ओळीवर स्वतः खूण केली. मुलगी मिरवणुकीत होती, आणि या वेळी तिची आईही. घरी राहायची पाळी माझी होती, पण ती घरी राहण्यासारखी वाटली नाही.

गणपतीसाठीही तसंच करायचं ठरलं आहे. मंडळांनी विसर्जनाचा रस्ता आणि साधारण वेळ छापून सोसायट्यांच्या नोटीसबोर्डावर लावावी. आवाजाचं जे काय व्हायचं ते पोलीस आणि मंडळ बघून घेतील; मला वेळ हवी. वेळ चुकली तर फोन करायला दोन नंबर, खाली लिहिलेले. एवढ्याने काही घरं मिरवणूक बघायला उतरतील आणि काही जण त्या तासापुरते नातलगांकडे जाऊन बसतील. दोन्ही ठीक.

महापालिकेच्या बाबतीत वर्ष-सहा महिने समित्या बसवायच्या आधी एकाच बागेत करून बघावं. गोडादरा, परवत पाटिया, लिंबायत, या पट्ट्यातली कोणतीही चालेल, फक्त पावसाळ्यात नको. खाडीला पूर आला की आमच्याकडे बागच काय, रस्ताही सापडत नाही. दिवाळीनंतर, थंडीत, सकाळी सात ते नऊ. अर्ज मी मराठीत आणि गुजरातीत लिहून तयार ठेवला आहे, आठ-दहा पालकांच्या सह्यांसह. फाटकावर उभं राहायला माणूस कमी पडत असेल तर आमच्यातलंच कोणीतरी येईल. भोंग्याची वायर कुठून काढायची तेवढं दाखवून ठेवा.